पळणारी, बसलेली आणि येणारी

शनिवारी दुपारनंतर आमचे घरमालक कुणाशी बोलत नसत.

"आज माझ्याशी बोलू नका," पहिल्याच शनिवारी ते मला म्हणाले. "भरलेलं आहे. सांडेल."

मला वाटलं, पोटाची तक्रार असेल. मी मान डोलावून गच्चीवरच्या माझ्या खोलीत गेलो. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं, तर ते कठड्याला टेकून, डोळे मिटून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. जप करत असावेत. पण जप करणारा माणूस मधेच हसत नाही. हे हसले, आणि ते हसणं त्यांचं नव्हतं. कुणा तरुण माणसाचं, जरा दमलेलं, नाकातून येणारं हसणं होतं ते. त्यांनी ते पुन्हा हसून पाहिलं. मग आणखी एकदा. आता जमलं असावं, कारण ओठ पुढे हलू लागले.

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत घरमालक, म्हणजे काका, वरच्या मजल्यावर एकटेच राहत आणि गच्चीवरची खोली भाड्याने देत. मी यवतमाळचा, हिंजवडीतल्या एका कंपनीत नुकताच लागलेला. खोली ठरली तेव्हा मी आमच्याकडच्या सवयीने म्हणालो, "काका, मी उद्या सामान घेऊन येऊन राहिलो."

"येऊन राहणार, की नुसते येणार?" त्यांनी विचारलं. "आपल्याकडे दोन्हीची सोय आहे. पण आधी काय ते ठरवा."

सगळ्यांनाच ते अहो-जाहो करत, दूधवाल्यालासुद्धा. लग्न केलेलं नव्हतं. नोकरी सगळी एका सरकारी कचेरीत लघुलेखक म्हणून झाली. साहेबांनी बोलायचं आणि काकांनी उतरवून घ्यायचं. साहेब खोकले तर त्या खोकल्याचीही काकांकडे एक खूण होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी पेन्सिल ठेवून दिली, पण बोटं काही थांबली नाहीत. समोरचा बोलू लागला की त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर बारीक बारीक वळणं काढत. मी आईशी फोनवर बोलत असलो तरी काढत. एकदा त्यांनी माझ्या आईचं आदल्या आठवड्यातलं वाक्य मला जसंच्या तसं ऐकवलं, "जेवून घेजो ना बाप्पा", त्यातल्या लांबवलेल्या 'जो'सकट, माझ्या आईच्या आवाजात. मी चहाचा कप हातात घेऊन दारातच थांबलो. क्षणभर गच्चीच्या पलीकडे यवतमाळच होतं.

स्वतःचं मात्र ते काही सांगत नसत. चहा कसा झालाय विचारलं तर "झालाय" म्हणत आणि कप विसळायला उठत.

शनिवारचं कोडं एका रविवारी सुटलं. काका कापडी पिशवी घेऊन निघाले होते, मला सुट्टी होती, आणि त्यांनी नुसत्या हाताने 'या' म्हटलं. स्वारगेटला जाऊन आम्ही पानशेतकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो. बस सुटली तसे काकांनी डोळे मिटले. शहर मागे पडलं, खडकवासल्याचं पाणी लागलं, काठाने कितीतरी वेळ बरोबर चाललं, त्यावर बगळे उतरले, उठले. काकांनी काही पाहिलं नाही. त्यांचे ओठ चालू होते. उतरल्यावर पायवाटेने एक खिंड ओलांडली, तिथे माझ्या मोबाईलवरच्या रेंजच्या सगळ्या दांड्या गेल्या. खाली डोंगराच्या घळीत एक कौलारू घर दिसत होतं, पुढे अंगण, अंगणाच्या टोकाला एक मोठं जांभूळ.

ते काकांच्या थोरल्या बहिणीचं घर. तरुणपणी ताई तिथल्या शाळेवर शिकवायला म्हणून गेल्या आणि तिथल्याच होऊन गेल्या. यजमान वारले, एकुलता एक मुलगा कॅनडात गेला, ताई राहिल्या. ओढ्यापलीकडे गावात टॉवर होता, पण मधे डोंगर आडवा. पूर्वी त्या टेकाडावर चढून मुलाला फोन करत. गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते संपलं. टेलिफोनची तार एका वादळात पडली ती पुन्हा कुणी उभी केली नाही. तेव्हापासून मुलगा दर शनिवारी मामाला फोन करायचा, आईला जे सांगायचं ते मामाला सांगायचा, आणि मामा ते रविवारी इथे आणून पोहोचवायचे.

"रेकॉर्ड करून का आणत नाही?" पुढच्या एका रविवारी मी खिंडीत विचारलं.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशी दिलं. "रेकॉर्डिंग ऐकायचं असतं. तिला बोलायचं असतं."

त्या पहिल्या रविवारी ताईंनी आम्हाला पाणी दिलं, ओट्यावर सतरंजी घातली आणि भावासमोर बसल्या. काकांनी घसा साफ केला.

"आई, कशी आहेस गं?"

ओट्यावर तिशीतला एक मुलगा बोलत होता.

"बरी आहे रे," ताई म्हणाल्या.

"इकडे बर्फ वितळायला लागलंय. खिडकीसमोरच्या झाडावर एक लाल पक्षी येतो. मी त्याला तुझं नाव ठेवलंय. सकाळी सकाळी ओरडून उठवतो." आणि मग काका ते हसणं हसले, शनिवारी गच्चीवर घोटून तयार केलेलं.

"मेल्या," ताई म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकून हसल्या. "जेवतोस का वेळेवर?"

हे उत्तर काकांकडे नव्हतं, ते पुढच्या रविवारी येणार होतं. त्यांची बोटं गुडघ्यावर फिरली, प्रश्न उतरवून घेतला गेला, आणि ते पुढचं बोलू लागले.

असं ते दोघांचं, म्हणजे तिघांचं, बोलणं चालायचं. प्रश्न विचारला की उत्तराला आठवडा. त्यामुळे मायलेक दोघंही प्रश्न जपून निवडत. भांडण तर होऊच शकत नसे. आईला राग आला तरी तो बसमधून, सिग्नलवर थांबत थांबत, शनिवारपर्यंत मुलाकडे पोहोचेतो नुसती काळजी उरलेली असायची. मी नंतर बरेच रविवार गेलो. ओट्यावर ऊन सरकत असायचं, गाय कुठेतरी घंटा वाजवत चरायची, आणि एक म्हातारा माणूस तरुण आवाजात बर्फाबद्दल बोलत असायचा. ते ऐकताना मला कितीदा तरी झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी असल्यासारखं वाटायचं.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी ताई अंगणात शेवाळावरून घसरल्या. पाय मुरगळला, उठता येईना. पलीकडच्या वस्तीवरची बाई सकाळी दूध घालायला आली तेव्हा तिने त्यांना आत नेलं. आम्हाला ते रविवारी गेल्यावर कळलं. मुलाला कळायला पुढचा शनिवार उजाडला.

त्या दिवशीचा फोन मलाही ऐकू आला, इतका तो मोठ्याने बोलत होता.

"मामा, आई रात्रभर अंगणात पडून राहते आणि मला हे इतक्या दिवसांनी कळतं? आता घरांनासुद्धा सॅटेलाइट इंटरनेट मिळतं. थेट आकाशातून येतं, तार नको, टॉवर नको. तू चौकशी कर. चार कंपन्या बघ, चांगली कुठली ते ठरव. बाकी माझ्यावर सोड."

"बघतो," काका म्हणाले.

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. "आपण कॉम्प्युटरमध्ये असता ना?"

"हो, काका."

"मग जरा बाहेर या."

शोधाशोध करून मी तीन कंपन्या काढल्या. गच्चीवर दोन खुर्च्या टाकून मी त्यांना एकेक समजावून सांगू लागलो. पहिल्या कंपनीचे उपग्रह खूप, आणि ते पृथ्वीच्या जवळून सतत धावत असतात. एक डोक्यावरून निघून गेला की दुसरा काम हातात घेतो. वेग उत्तम. पण घरावर बसवायच्या तिच्या ताटलीला आकाश भरपूर लागतं, सगळ्या बाजूंनी मोकळं.

"पळणारी," काका म्हणाले. इंग्रजी नावाचा विषय तिथेच संपला.

दुसरीचा उपग्रह एकच, पण फार उंच. तो पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणून आपल्याला दक्षिणेला एकाच जागी ठाण मांडून बसल्यासारखा असतो. ताटली एकदा त्या दिशेला रोखली की झालं. पण बोलणं एवढ्या उंच जाऊन परत खाली यायचं, त्यामुळे आवाज जरासा उशिरा पोहोचतो. महिन्याचा वापरही बेताचाच मिळतो.

"बसलेली. आणि तिसरी?"

"तिसरी अजून सुरू व्हायची आहे. जाहिरात छान आहे. 'लवकरच येत आहे' म्हणतात."

"येणारी," काका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा समाधान दिसलं.

मग त्यांनी पळणारीला धारेवर धरलं. "म्हणजे माणूस बोलत असताना एक उपग्रह निघून जातो आणि उरलेलं वाक्य दुसऱ्याच्या हातात देतो. अर्धं वाक्य पहिल्याकडेच राहिलं तर?"

"राहत नाही, काका. आपल्याला कळतसुद्धा नाही."

"कळत नाही, हेच म्हणतोय." मग बसलेलीकडे वळले. "उशीर म्हणजे किती?"

"अर्धा-पाऊण सेकंद."

"फार झाला."

"काका, आपण आठवडा लावता."

पश्चिमेला उजेड उरला होता, पेठेतल्या गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या काळ्या दिसू लागल्या होत्या. तेवढ्यात मावळतीकडून एक ठिपका निघाला. लुकलुक नाही, आवाज नाही, सरळ रेषेत, शांतपणे, आम्ही खाली असल्याची त्याला काही कल्पना नसल्यासारखा.

"हा पळणारीचा?"

"असेल."

काका मान मागे टाकून बघत राहिले. ठिपका पर्वतीच्या वर जाऊन विझला. "कुणाचं बोलणं घेऊन गेला असेल?" ते म्हणाले, पण मला नाही.

पुढे कितीतरी आठवडे तुलना चालू राहिली. काका मला कंपन्यांना फोन लावायला सांगत आणि मग फोन स्वतःकडे घेत. "ढग आले तर वाक्य मधेच तुटतं का? तुटलं तर पुढचं कुठे राहतं?" पलीकडची मुलगी हिंदीत म्हणायची, सर, मी आपला कॉल वरिष्ठांकडे देते. वरिष्ठ वेग सांगत. काका वेग ऐकून घेत, आभार मानत, आणि फोन ठेवून मला म्हणत, "यांना काही कल्पना नाही." शनिवारी भाचा विचारी, "मामा, झालं का?" काका उत्तर देत, "तुलना चालू आहे." येणारीबद्दल मात्र त्यांच्या तोंडून वावगा शब्द निघाला नाही. तिच्यात खोट निघाली तरी कशी असती? ती सुरूच झाली नव्हती.

शेवटी मीच म्हणालो, ताईंच्या घरावर आकाश किती मोकळं आहे ते तरी बघून येऊ. मोबाईलचा कॅमेरा वर धरला की किती आड येतंय ते दाखवणारं एक अॅप होतं. काकांचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांनी टोपी काढली, अंगणाच्या मधोमध पिशवी उशाला घेतली आणि सरळ उताणे झोपले.

ताई काठी टेकत लगबगीने बाहेर आल्या. "काय झालं रे?"

"काही नाही. तुझं आकाश बघतोय."

"मग?"

"कमी आहे."

ताईंनी वर पाहिलं. मग माझा हात धरून त्याही खाली बसल्या आणि हळूच आडव्या झाल्या. मीच एकटा कशाला उभा राहू म्हणून मीही पडलो. शेणाने सारवलेली जमीन पाठीला कोमट लागत होती. दोन्ही बाजूंनी डोंगराच्या कडा, डोक्याशी, उत्तरेकडे, जांभळाचा घुमट, आणि या सगळ्याच्या मधे होडीच्या आकाराचा एक निळा तुकडा. एक ढग एका टोकाने आत शिरला, सावकाश पलीकडच्या टोकाला गेला, बाहेर पडला. मग दुसरा. मला वाटतं ताईंचा थोडा डोळाही लागला.

"इतकी वर्षं राहतेय," त्या म्हणाल्या, "पण असं कधी बघितलं नव्हतं. एवढंसंच आहे की."

"पळणारीसाठी जांभूळ तोडावं लागेल," काका म्हणाले. "म्हणजे ती गेली."

"दक्षिण मोकळी आहे, काका," मी म्हणालो. "बसलेली चालेल."

"जोराच्या पावसात बंद पडते. इथे चार महिने पाऊस. येणारीची वाट बघू."

ताई कोपरावर रेलून भावाकडे बघत होत्या. वही घरी राहिली म्हणणाऱ्या मुलाकडे शिक्षिका बघते तसं. "वाट बघायचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "तुला बघायची असली तर बघ."

काका उठून पाठीची माती झाडू लागले. बराच वेळ झाडत होते. माती केव्हाच निघाली होती. त्यांना कुठलीच कंपनी नको होती, हे मला तेव्हा कळलं. ताईंना ते आधीपासून ठाऊक असावं.

थंडीच्या दिवसांत एका शनिवारी फोन येऊन गेला आणि काका कठड्याशी उभे राहिले नाहीत. खुर्चीत बसून राहिले. मी खुणेनेच विचारलं, काय? आणि शनिवार असूनही ते बोलले.

"एक वाक्य गाळायला सांगितलंय."

भाच्याच्या गळ्यापाशी गाठ आली होती. तपासण्या झाल्या होत्या, ऑपरेशन ठरलं होतं. घाबरण्यासारखं नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण 'मामा, आईला सांगू नकोस, ती तिथे एकटी काळजी करत बसेल.'

"नोकरीत कधी गाळलं नाही," काका म्हणाले. "साहेबांनी चुकून शिवी दिली तरी उतरवली होती."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर भाऊ-बहीण समोरासमोर बसले. काकांनी सगळं सांगितलं. बर्फ, ऑफिस, शेजारच्या म्हातारीने आणून दिलेला केक. गाळलेल्या वाक्याची जागा कुठे होती ते मला माहीत असूनही सापडली नाही, इतकं त्यांनी ते सफाईने ओलांडलं. संपवून त्यांनी पाण्याचा तांब्या ओढला.

ताई म्हणाल्या, "त्याचा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"घोगरा. मागच्या खेपेला नव्हता."

काकांचा हात तांब्यावर थांबला. वाक्य त्यांनी गाळलं होतं, पण आवाज जसा कानावर आला होता तसाच, इमानाने, इथवर आणला होता. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"तिकडे थंडी फार आहे," ते म्हणाले.

"हे तो म्हणाला, की तू म्हणतोयस?"

काकांनी तांब्या परत जागेवर सरकवला. "मी," ते म्हणाले.

ताई उठल्या आणि आत गेल्या. आतून भांड्याचासुद्धा आवाज आला नाही. आम्ही बराच वेळ ओट्यावर बसलो, मग पायात चपला घातल्या. निघताना काकांनी दाराशी वाकून "येतो गं" म्हटलं. आतून "हं" आलं.

बसथांब्यावर काका म्हणाले, "बसलेली लावा. याच आठवड्यात."

"आणि पाऊस?"

"पावसात थांबेल थोडी. पण जे येईल ते त्याच्याकडून येईल."

ताटली बसवायला आलेल्या माणसाची गाडी ओढ्यापर्यंतच आली. पुढे त्याने आणि मी ती धरून नेली. काका मागून खोकं घेऊन येत होते. दक्षिणेकडच्या कौलांजवळ खांब रोवून ती रोखली, तेव्हा दूध घालणारी बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "बाई, ही परात वर कशापायी टांगलीया? काय वाळत घालनार हाय का?"

"माझा मुलगा येणार आहे त्यात," ताई म्हणाल्या.

मी ताईंच्या मोबाईलवर मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल त्यांच्यासमोर तांब्याला टेकवून उभा केला. काका ओट्यावर थांबले नाहीत. जांभळाखाली जाऊन पाठ करून बसले.

"आई?"

"अरे!"

दोघं एकदम बोलले, एकदम थांबले, पुन्हा एकदम बोलले. ताई हसू लागल्या, आणि तिकडे तो त्यांच्या हसण्याला जरा मागून हसला. हळूहळू दोघांनाही त्या उशिराचा अंदाज आला. आपण बोलायचं, मग शब्द वर जाऊन खाली उतरेपर्यंत समोरच्याचा चेहरा बघत बसायचं. ताईंनी तो चेहरा डोळे भरून पाहून घेतला. मग विचारलं, "गळ्याला काय झालंय तुझ्या?"

पडद्यावर तो अजून हसत होता. प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचायचा होता. मग पोहोचला.

त्याने सगळं सांगितलं. ताईंनी मधे तोंड उघडलं नाही. त्याचं संपल्यावर म्हणाल्या, "आदल्या दिवशी फोन कर. झाल्यावर कर. बोलता नाही आलं तर नुसता दिस."

मी जांभळाकडे पाहिलं. काकांची बोटं गुडघ्यावर चालली होती. मग त्यांनी डावा हात उजव्या हातावर ठेवला आणि तो तसाच दाबून धरला.

ऑपरेशन नीट पार पडलं. ते आम्हाला ताईंकडून कळलं.

त्यानंतर शनिवारी काकांचा फोन वाजेनासा झाला. भाचा मामाला विसरला असं नाही. मधेच केव्हातरी करायचा, पण आईसाठी म्हणून साठवून ठेवलेलं काही त्यात नसायचं. काका आता शनिवारीही बोलत. नळाला पाणी किती वाजता येतं, पेपरात काय आलंय, खालच्या जिन्यातला दिवा कुणी फोडला. ते ऐकताना मला त्यांच्या जुन्या शनिवारांची आठवण यायची. रविवारी ते कपडे करून, पिशवी घेऊन खाली उतरत आणि थोड्या वेळाने परत येत. "गर्दी होती," म्हणत. एकदा मी स्वारगेटला गेलो होतो तेव्हा ते तिथे दिसले. बस समोर उभी होती, निम्मी रिकामी. ती सुटेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले, मग वळून चालू लागले. मी हाक मारली नाही.

एका सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि काकांच्या मोबाईलवर ताई दिसू लागल्या.

"तू का येत नाहीस रे?"

"येणार आहे."

"कधी?"

काका फोन कधी दूर धरत होते, कधी जवळ. शेवटी म्हणाले, "आता काय घेऊन येऊ?"

ते वर गेलं, खाली उतरलं. ताईंनी भुवया उंचावल्या. "ये की रिकामा," त्या म्हणाल्या. "यांनाही घेऊन ये. पिठलं करते."

रविवारी आम्ही निघालो. बसमध्ये काकांना खिडकी मिळाली. धरणाचं पाणी लागलं तसे ते पुढे वाकले. वाऱ्याने पाण्यावर लांबच लांब रेघा उठत होत्या, पलीकडचे डोंगर निळसर होऊन त्यात उलटे उभे होते. "हे एवढं पाणी आहे इथे?" ते मला म्हणाले. "कधी झालं हे?" मी सांगितलं, आधीपासूनच आहे. ते पाणी संपेपर्यंत बघत राहिले, संपल्यावरही मागे वळून पाहिलं.

जेवणं झाली. ताईंनी ओट्यावर सतरंजी घातली आणि नेहमीसारख्या समोर बसल्या.

"त्याचं तर सगळं तुला कळतंच आता," काका म्हणाले.

"कळतं."

"मग?"

"मग आता तू बोल."

"काय बोलू?"

"तुझं काहीतरी. कसा आहेस?"

काकांनी घसा साफ केला. काहीच आलं नाही. परत केला. कौलांवरून एक खार धावत गेली. ताईंना घाई नव्हती. आठवडा आठवडा थांबायची सवय होती त्यांना. काका अंगणाकडे बघत होते, मग सतरंजीच्या रेघांकडे, मग बहिणीकडे.

"करमत नाही गं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

काका विचार करू लागले. मला वाटलं, म्हणतील, गेल्या महिन्यापासून, ताटली लागल्यापासून.

"तू या शाळेवर रुजू व्हायला निघालीस ना," ते म्हणाले, "ट्रंक घेऊन. मी जिन्यात उभा होतो. त्या दिवशी..."

मी उठून ओढ्यापाशी जाऊन बसलो. तिथून शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. आधी तुटक, मधे मोठ्या फटी. मग फटी लहान होत गेल्या. त्यांनी काढलेले कितीतरी आवाज मी इतके दिवस ऐकले होते, पण हा ओळखीचा नव्हता. जाडसर, थोडा पुढे धावणारा, मधेच लहान मुलासारखा वर चढणारा. मधून मधून ताईंचं "हो का?" ऐकू यायचं. पाण्यात पाय सोडून मी ऐकत होतो. उन्हं कधी उतरली ते मला कळलं नाही.

परत आलो तेव्हा शेवटच्या बसची वेळ होत आली होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं, पण उठले नाहीत.

"आपण व्हा पुढे," ते म्हणाले. "संध्याकाळचा डबा सांगून ठेवलाय, फुकट जाईल. आपण खाऊन टाका." आणि वळून पुन्हा बहिणीशी बोलू लागले.

पेठेत पोहोचलो तेव्हा डबा देणाऱ्या मावशी जिन्यातच भेटल्या. कुलूप बघून परत निघाल्या होत्या.

"काका कुठं गेले?"

"बहिणीकडे राहिलेत."

"राहिले?" मावशी घाबरल्या. "कधी कुठं राहत नाहीत ते. तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत छान आहे. बोलत बसलेत."

"कोण, आपले काका?"

"हो," मी डबा घेत म्हणालो. "मी निघालो तेव्हा मॅट्रिकपर्यंत आले होते."